कोल्हापुरी साज आणि करवीरची सोनारकी : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दागिने कोल्हापूरचे, मग प्रश्न सोलापुरात कशाला?

कारण साज, म्हणजे गळ्यातले कोल्हापुरी हार, सोलापूरच्या कपाटांत आहेत. आजीचा साज, आत्याची ठुशी, सासूबाईंनी सुनेच्या अंगावर घातलेली पुतळ्यांची माळ. मधल्या मारुतीजवळच्या सराफी पेढ्यांवर रोज कुणी ना कुणी असा डबा उघडून विचारतं, की हे जुनं आहे, यात सोनं किती, मोडून नवं काही करावं का? वजनाचं उत्तर काट्यावर मिळतं. पण तो दागिना कुठल्या गल्लीत, कुठल्या पद्धतीनं आणि कुणासाठी घडला, हे कळल्याशिवाय मोडायचा निर्णय घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा प्रश्नोत्तरांचा खटाटोप.

कोल्हापूर राजधानी होतं म्हणजे नेमकं कधी?

मराठ्यांची राजधानी एकच नव्हती. १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. पुढे त्यांचे नातू शाहू महाराज यांची गादी साताऱ्याला आली आणि ताराबाईंनी पन्हाळ्यावर वेगळी गादी उभी केली. १७३१ च्या वारणेच्या तहानं सातारा आणि करवीर, म्हणजे कोल्हापूर, ही दोन राज्यं रीतसर मानली गेली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात करवीरची राजधानी पन्हाळ्यावरून खाली कोल्हापुरात आली आणि १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत तिथेच राहिली. आपण ज्याला कोल्हापुरी दागिना म्हणतो तो प्रामुख्यानं या राजधानीच्या काळात रूपाला आला.

राजधानी असल्यामुळे सोनारांना असं काय मिळालं?

काम मिळालं, आणि ते बारमाही मिळालं. खेड्यातला सोनार लग्नसराईवर आणि सुगीवर जगतो. राजधानीत तसं नसतं. दरबार भरतो, सरदारांना मानाची कडी आणि तोडे दिले जातात, शिरपेच लागतात, घोड्याहत्तींचे साज लागतात, देवीला नवस फेडले जातात. शिवकाळापासून राज्याच्या अठरा कारखान्यांत जवाहिरखाना हे एक स्वतंत्र खातं होतं. जडजवाहीर घ्यायचं, पारखायचं आणि जपायचं म्हटलं की तिथे पारखी, खडे बसवणारे जडिये, दोऱ्यात गुंफणारे पटवेकरी आणि नाणी तपासणारे पोतदार हाताशी लागतातच.

कोल्हापूरला दुसरा आधार अंबाबाईचा. महाद्वाराच्या अंगाला असलेली गुजरी ही सराफांची पेठ मंदिरापासून चार पावलांवर आहे. राजवाडा आणि देऊळ असे दोन मोठे गिऱ्हाईक एकाच टापूत असले की कारागीर गाव सोडून जात नाही, त्याचा मुलगा त्याच ऐरणीवर बसतो, आणि एकाच नक्षीवर पिढ्यांचा हात फिरतो. साजात गुंफलेलं नक्षीचं पान इतकं नेमकं झालं ते यामुळे. आजही नवरात्राच्या आधी देवीच्या दागिन्यांची स्वच्छता होते.

त्याच्याही आधी या भागात दागिने घडत होते का?

होय, दोन हजार वर्षांपूर्वीही. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं. तिथे सातवाहन काळातली वस्ती, मणी आणि रोमी व्यापाराच्या खुणा सापडल्या. तिथे मिळालेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती प्रसिद्धच आहे. पण सोलापूरकरांनी त्यासाठी कोल्हापूरपर्यंत जायलाच हवं असं नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर, हे त्याच काळातलं व्यापारी गाव. तिथल्या लामतुरे संग्रहालयात दगडी मणी, शंखाच्या बांगड्या आणि अंगभर दागिने ल्यालेल्या मातीच्या मूर्ती आहेत. मुलांना घेऊन एक रविवार तिथे काढा.

साज म्हणजे काय? एकवीस पानं कोणती?

साज हा गळ्यातला हार. सोन्याच्या तारेत आळीपाळीनं जवमणी आणि पानं गुंफलेली असतात आणि मध्ये पदक. पूर्ण साज एकवीस पानांचा. परंपरेनं सांगतात ती विभागणी अशी : दहा पानं विष्णूच्या दशावतारांची, आठ अष्टमंगळाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि एकविसावं डोरलं. प्रत्यक्षात घराघरातले साज पाहिले तर पानं बदलतात. मासा, कासव, नरसिंह, शंख, चंद्र, कमळ, बेलपान, भुंगा, गणपती, वाघनख, कारलं, कीर्तिमुख, गंडभेरुंड यांतली बरीचशी दिसतात. कमी सोन्यात बसवायचा म्हणून बारा पानांचे साजही भरपूर घडले. त्यामुळे तुमच्या साजात एकवीस पानं नाहीत म्हणून तो अर्धवट किंवा खोटा समजू नका.

सातारा, सांगली, कोल्हापूर भागात अनेक घरांत साज मंगळसूत्राच्या तोलाचा मानला जातो. सोलापूरकडे तो तसा नाही, इथे तो सणासमारंभाचा हार आहे.

साज घडतो कसा?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, म्हणून उत्तर जरा लांबवतो.

आधी सोनं मुशीत घालून आटवतात. शुद्ध सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. पूर्वी ही उष्णता बागेसरीतल्या, म्हणजे सोनाराच्या शेगडीतल्या, कोळशावर फुंकणीनं आणायची. आता गॅसची बत्ती आली. वितळताना वर टाकणखार टाकतात, त्यानं मळ बाजूला होतो. ओतलेली लगड थंड झाली की ठोकून, आणि आताच्या काळात रोलरमधून काढून, तिचा पातळ पत्रा करतात. साजाचा पत्रा फार पातळ असतो, बोटानं दाबला तर खळगा पडेल इतका.

मग साचा. काशाच्या किंवा पितळेच्या ठोकळ्यावर माशाची, कमळाची, कीर्तिमुखाची आकृती उलटी खोदलेली असते. तिच्यावर सोन्याचा पत्रा, पत्र्यावर शिशाचा तुकडा आणि त्यावर हातोडीचा घाव. शिसं मऊ असल्यानं ते पत्र्याला फाडत नाही, साच्याच्या कानाकोपऱ्यात ढकलतं. घाव कमी पडला तर नक्षी बोथट उठते, जास्त पडला तर पत्रा चिरतो. चांगल्या कारागिराला किती घाव पुरे हे आवाजावरून कळतं.

उठलेली आकृती कातरीनं कातरून तिला मागून दुसरा पत्रा डाख देऊन जोडतात. डाख म्हणजे सोन्यात थोडी चांदी आणि तांबं मिसळून केलेला जोड. तो मूळ सोन्याच्या आधी वितळतो, म्हणून पान शाबूत राहून सांधा भरतो. पान आता पोकळ डबीसारखं झालेलं असतं. त्याच्या बारीक तोंडातून गरम लाख आत भरतात. जवमणीही असेच, दोन वाट्या जोडून आत लाख.

तार वेगळी ओढतात. जंतर नावाच्या पोलादी पट्टीला मोठ्यापासून बारीकपर्यंत भोकं असतात. सोन्याची काडी एकेका भोकातून ओढत न्यायची. शेवटी गुंफण आणि रंग. दागिना झिलईला जातो तेव्हा त्याला तो तांबूस पिवळा उजाळा येतो, जो जुन्या साजात लगेच ओळखू येतो.

एका साजात साचा खोदणारा, ठोकणारा, डाख देणारा, लाख भरणारा आणि गुंफणारा असे चारपाच हात सहज लागतात. साजावर त्यांच्यापैकी कुणाचंही नाव नसतं. पेढीचा शिक्का असतो, गावाचं नाव चालतं, पण ज्याच्या घावानं मासा उठला तो कुठेच नोंदलेला नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

आत लाख भरणं म्हणजे फसवणूक नाही का?

नाही. लाख लपवली तर फसवणूक, सांगून भरली तर ती कारागिरी आहे. भरीव सोन्याचा एकवीस पानी साज मानेला पेलणार नाही आणि शेतकऱ्याच्या घराला परवडणार नाही. पत्रा पातळ ठेवून आत लाख भरली की थोड्या सोन्यात भरदार दागिना होतो, दाबानं चेपत नाही आणि अंगाला हलका लागतो. बोरमाळ, मोहनमाळेचे काही प्रकार, पाटल्या, गोठ हेही अनेकदा लाखेचेच असतात. जुने सराफ दागिना देताना सोन्याचं वजन आणि लाखेचं वजन वेगळं लिहून देत. तुमच्याकडे तशी जुनी चिठ्ठी असेल तर ती डब्यातच जपून ठेवा.

सोनाराची हत्यारं किती जुनी आहेत?

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. पंढरपूरचे संत नरहरी सोनार यांनी विठ्ठलाला उद्देशून केलेल्या प्रसिद्ध अभंगात आपला सगळा धंदाच मांडला आहे. बागेसरी, मूस, फुंकणी, हातोडा, कातरी, ताजवा ही सगळी नावं त्यात येतात. म्हणजे वारकरी संतांच्या पहिल्या पिढ्यांत पंढरपूरच्या सोनाराच्या पुढ्यात जी अवजारं होती, तीच विसाव्या शतकातल्या कोल्हापूरच्या किंवा सोलापूरच्या सोनाराच्या पुढ्यात होती. नरहरी महाराज शिवभक्त, आणि विठ्ठलाचा करगोटा करताना त्यांना हरिहर एकच असल्याचा प्रत्यय आला, ही कथा घरोघर माहीत आहे. त्या कथेचा गाभा कंबरेचं माप घेण्याचा आहे, हेही लक्षात घ्या. माप चुकलं की दागिना परत येतो, हे दुःख सोनारालाच ठाऊक.

झारेकरी कोण?

सोनाराच्या दुकानातला कचरा विकत घेणारे. घासताना, कातरताना, कानशीनं झाडताना सोन्याचे कण जमिनीवर, चटईत, बागेसरीच्या राखेत पडतात. झारेकरी ती माती घेऊन जातात, पाण्यात धुतात, जड कण खाली बसवतात आणि उरलेलं आटवून सोनं काढतात. सराफकट्ट्याबाहेरच्या गटारीची मातीही त्यांनी धुतलेली आहे. ही माणसं वर्षानुवर्षं गाळात पाय रोवून बसतात आणि शहराच्या श्रीमंतीचा शेवटचा कण परत धंद्यात आणतात. दागिन्यांच्या इतिहासात राजे आणि सराफ येतात, झारेकऱ्यांचा उल्लेख क्वचितच येतो. तो यायला हवा.

पुतळ्यांची माळ कोल्हापूरचीच का? त्यावरची माणसं कोण?

पुतळी हा मुळात परदेशी पैसा. इटलीतल्या व्हेनिस शहरानं १२८४ पासून साडेतीन ग्रॅम वजनाचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं नाणं पाडलं. त्यावर व्हेनिसचा प्रमुख गुडघे टेकून संत मार्कच्या हातून निशाण घेताना दाखवला आहे. शतकानुशतकं त्याचं वजन आणि कस बदलला नाही, म्हणून अरबी समुद्रावरच्या व्यापारात त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत. मिरी, कापड, नीळ यांच्या बदल्यात ते आपल्या बंदरांत आलं, तिथून घाट चढून पेठांत आणि जामदारखान्यांत पोचलं. नाण्यावर उभ्या आकृत्या दिसतात म्हणून आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटलं आणि कडी लावून गळ्यात घातलं.

हे किती शहाणपणाचं होतं पाहा. बाईच्या गळ्यात दागिनाही आणि अडीअडचणीला मोडता येणारं नाणंही. कस सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे सोनाराशी वाद नाही. पुढे खऱ्या पुतळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा इथल्या सोनारांनी त्याच आकाराच्या ठशांवर पातळ पत्र्याच्या पुतळ्या पाडायला सुरुवात केली. हळूहळू संत मार्कच्या जागी लक्ष्मी किंवा राम-सीता आले. तुमच्या माळेतली पुतळी नाणं आहे की पत्र्याची, हे वजनावरून लगेच कळेल. साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरली आणि कडेला झिजलेली रोमन अक्षरं दिसली तर आधी जाणकाराला दाखवा. ती माळ आटवायला देणं म्हणजे तिच्यातला इतिहास मुशीत घालणं.

पंढरपुरात नवरात्रात रुक्मिणीमातेला जे पारंपरिक अलंकार घालतात त्यांतही पुतळ्यांची माळ असते. तेव्हा माळ फक्त कोल्हापूरची असं म्हणता येणार नाही. ती अख्ख्या मराठी मुलखाची.

ठुशी, बोरमाळ, जोंधळी पोत यांत फरक काय?

ठुशी गळ्यालगत बसते. बारीक सोन्याचे मणी दाटीनं गुंफलेले आणि मागे सरकवता येणारा गोंडा, त्यामुळे आईची ठुशी मुलीलाही होते. बोरमाळेचे मणी बोरासारखे, आत बहुतेक वेळा लाख. जोंधळी पोतीचे मणी जोंधळ्याच्या दाण्याएवढे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला हा आकार समजावून सांगायची गरज नाही.

कोल्हापुरी आणि पुणेरी दागिना कसा ओळखायचा?

ढोबळमानानं सांगतो. पुण्यात पेशव्यांच्या काळात मोत्यांची आवड वाढली. चिंचपेटी, तन्मणी, मोत्यांची नथ, मोत्यांच्या कुड्या या घडणीत सोनं कोंदणापुरतं आणि मोती पुढे. हे मोती प्रामुख्यानं इराणच्या आखातातून येत, म्हणून बसऱ्याचे मोती. कोल्हापूरची ओढ उठावाच्या सोन्याकडे. ठसा, पत्रा, गोल मणी, भरदारपणा. अर्थात कोल्हापुरात चिंचपेटी होते आणि पुण्यात साज विकला जातो, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका. मागची बाजू पाहा. कोल्हापुरी कामात मागचा पत्राही नीट बसवलेला आणि सांधा झाकलेला सापडेल.

हुपरीचा यात काय संबंध?

हुपरी हातकणंगले तालुक्यातलं चांदीचं गाव. पैंजण, वाळे, जोडवी, करगोटे, मासोळ्या तिथून देशभर जातात. तिथलं वेगळेपण असं, की हे काम एका जातीत किंवा एका गल्लीत अडकून राहिलं नाही. कुणी तार ओढतं, कुणी कड्या करतं, कुणी घुंगरू भरतं, आणि यात बायकांचा हात मोठा आहे. सोलापूरच्या पेठेत बारशाला घेतलेले वाळे हुपरीचे असण्याची शक्यता बरीच.

कोल्हापूरचे दागिने सोलापूरपर्यंत पोचले कसे?

लग्नसंबंधांतून, वारीतून आणि रेल्वेतून. कोल्हापूर ते मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. बार्शी लाईट रेल्वेची अरुंद रूळाची गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. त्यानंतर पुण्याचा वळसा न घेता मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी असं करत सोलापूर गाठता येऊ लागलं. सोलापुरात तेव्हा गिरण्यांचा हुकमी पगार होता. पहिली गिरणी १८७७ ची. पगार हातात आला की घरातली बाई गुंजागुंजानं सोनं जोडणार, हे ओघानं आलंच.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कोल्हापूर हे मराठी सिनेमाचं माहेर. प्रभात कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. त्यानंतरही कोल्हापुरातले स्टुडिओ चालू राहिले. ग्रामीण आणि तमाशाप्रधान चित्रपटांतल्या नायिकांच्या गळ्यात साज आणि ठुशी दिसली ती गावोगावच्या तंबूतल्या पडद्यावर. राजवाडा गेल्यावर या दागिन्याला पडद्यानं नवं गिऱ्हाईक दिलं, असं माझं मत आहे.

जुने कारागीर कमी का झाले?

याला एक सरकारी कारण आहे आणि ते आजच्या पिढीला माहीतच नाही. चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. अर्थमंत्री मोरारजी देसाई होते. १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. परकीय चलन वाचवणं, सोन्याची चोरटी आयात थांबवणं हा हेतू. पण १४ कॅरेटच्या सोन्यात तांबं-चांदी इतकी असते की ते कडक होतं. साजाचा पातळ पत्रा त्यातून नीट उठत नाही, रंगही फिका येतो. गिऱ्हाईकानं पाठ फिरवली आणि देशभर लाखो सोनारांच्या चुली विझल्या. काहींनी आत्महत्या केल्या. १९६६ मध्ये १४ कॅरेटची अट उठली, पण १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि तो १९९० पर्यंत टिकला.

मधल्या वर्षांत ज्यांनी मुलाला शिक्षक केलं, एसटीत चिकटवलं, शेतावर पाठवलं, त्यांची ऐरण परत वाजली नाही. साचे मोडीत गेले. सोलापूरच्या भागात त्यावर १९७२ चा दुष्काळ आला. घरातले दागिने आधी गहाण आणि मग आटणीला गेले. आजच्या सराफकट्ट्यांवर, मग तो कोल्हापूरचा असो वा सोलापूरचा, बरंचसं बारीक काम बंगाली कारागीर करतात. ते हुशार आहेत, घरदार सोडून छोट्याशा खोलीत दिवसभर मान मोडून बसतात. जुनी ठुशी ते अचूक उतरवतात.

तोळा म्हणजे किती?

जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. बारा मासे म्हणजे एक तोळा, आठ गुंजा म्हणजे एक मासा. आता पेठेत तोळा म्हटलं की १० ग्रॅम समजतात. आजीच्या वहीत पाच तोळे लिहिलं असेल तर ते साधारण ५८ ग्रॅम, ५० नव्हे. या फरकावरून घराघरांत उगाच संशय निर्माण होतो.

जुन्या साजावर हॉलमार्क नाही. तो खोटा का?

अजिबात नाही. सोन्याच्या हॉलमार्कची सोय भारतात २००० सालापासून आली आणि १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली. १ एप्रिल २०२३ पासून दुकानातून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरअंकांचा एचयूआयडी हा ओळखक्रमांक लागतो. त्याआधीच्या साजावर शिक्का असणार कुठून? कस तपासायचा तर मान्यताप्राप्त केंद्रात न्या. सराफाच्या पेढीवरचं क्ष-किरण यंत्र फक्त वरचा थर वाचतं हे लक्षात ठेवा, मुलामा असेल तर आकडा फसवा येतो. कसोटीवर रेघ ओढून तेजाब लावण्याची जुनी रीत जाणत्या हातात अजूनही चांगला अंदाज देते. अचूक उत्तर मात्र थोडं सोनं काढून आगीत शुद्ध करून पाहिल्यावरच मिळतं.

मोड देताना काय पाहावं?

आधी दागिन्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. वजन तुमच्यासमोर करून घ्या. लाख किती धरली, कशाच्या आधारावर धरली, हे विचारा. खडे, मोती, दोरा आधी वेगळे काढून परत मागा. आटणी होणार असेल तर ती समोर व्हावी आणि आटवल्यावरचं वजन पुन्हा लिहून घ्यावं. चांगला सराफ या प्रश्नांनी रागावत नाही.

पण मग मोडावा की नाही?

घरात दवाखाना असेल, मुलीची फी असेल, तर मोडा, काही वाटून घेऊ नका. दागिना त्यासाठीच घडवला होता. पण निव्वळ जुना दिसतो म्हणून, किंवा शोकेसमध्ये नवा सेट आवडला म्हणून साज देणार असाल तर थांबा. मोडीत तुम्हाला सोन्याचा भाव मिळतो, घडणावळ शून्य धरली जाते, आणि नव्या दागिन्यावर तुम्ही पुन्हा घडणावळ भरता. शिवाय जी कारागिरी जाते ती परत मिळत नाही. त्या साच्याचा ठोकळाच आज शिल्लक नसेल.

सोलापुरात तेलुगू आणि कन्नड घरंही आहेत. त्यांच्या दागिन्यांचं काय?

सोलापूरच्या सराफाला तीन भाषांत दागिने घडवावे लागतात, ही या शहराची खरी श्रीमंती. पद्मशाली घरांत मंगळसूत्राला दोन गोल चकत्यांचे पुस्तेलु, एक माहेरचा आणि एक सासरचा. लिंगायत घरांत इष्टलिंगासाठी चांदीची डबी. मराठी घरांत दोन वाट्या. कोल्हापूरसारखी गादी इथे नव्हती, पण राजधानीत जे काम दरबारानं केलं, ते इथे गिरणी, माग आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेनं केलं. या दागिन्यांवर स्वतंत्रपणे लिहायला हवं, इतका तो विषय मोठा आहे.

साज घरी स्वच्छ कसा करावा?

रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशनं, हलक्या हातानं. उकळतं पाणी नको, लाख वितळून पान चेपेल. यंत्रात घालून थरथरवून साफ करणारे काही जण असतात, त्यांना लाखेचा आणि मोत्यांचा दागिना देऊ नका. मोती तर पाण्यात बुडवूच नयेत, ओल्या मलमलीनं पुसावेत. सुकल्यावर साज सपाट ठेवा, गुंडाळून डबीत कोंबू नका. अत्तर, स्प्रे आधी मारा, दागिना नंतर घाला.

एक ग्रॅमचा साज घ्यावा का?

हौसेसाठी खुशाल घ्या. नवी पेठेत आणि गड्ड्याच्या यात्रेत सुंदर मिळतात. आत तांबं किंवा पितळ आणि वर सोन्याचा मुलामा असतो, एवढं माहीत असावं.

जुना कोल्हापुरी दागिना प्रत्यक्ष कुठे बघता येईल?

पंढरपूरला नवरात्रात आणि दिवाळीत जा, विठ्ठल-रुक्मिणीच्या अंगावर पारंपरिक अलंकार दिसतात. कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईचं दर्शन, मग गुजरीतून सावकाश एक फेरी, मग न्यू पॅलेसमधलं छत्रपतींच्या घराण्याचं संग्रहालय. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय. पण सर्वांत चांगला संग्रह तुमच्याच नात्यातल्या एखाद्या ऐंशी वर्षांच्या मावशींकडे असेल. त्यांना विचारा की हे कुणी घडवलं, कितीला घडलं, कोणत्या लग्नात घातलं. आणि त्या सांगतील ते लिहून घ्या, सोनाराचं आणि गावाचं नाव सांगितलं तर आधी तेच.

साजाचं एक पान तुटलंय. सोलापुरात दुरुस्त होईल का?

होईल, पण लाखेचं काम जाणणारा कारागीर शोधा. कुणालाही डाख द्यायला सांगितलं तर बत्तीच्या आचेनं शेजारच्या पानांतली लाख बाहेर येते. जाणता कारागीर आधी तुटलेलं पान तारेतून सोडवतो, त्यातली लाख काढतो, डाख देतो, पुन्हा लाख भरतो आणि मग गुंफतो. त्यामुळे वेळ आणि मजुरी जास्त लागते, ती द्या. पान हरवलंच असेल तर उरलेल्या पानांचे फोटो पाठवून गुजरीत त्याच आकृतीचा साचा मिळतो का ते विचारता येतं. दुरुस्तीला देण्यापूर्वी पानं मोजा, प्रत्येकाची आकृती कागदावर लिहा आणि त्या यादीवर कारागिराची सही घ्या.